कबुतर, कावळा, रानडुक्कर आणि बंदूक : वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत त्रास देणारे पक्षी-प्राणी वेगवेगळे आहेत, पण प्रश्न एकच : मारले तर चालेल का, आणि त्याचा परवाना कुठे मिळतो? उत्तरांआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शस्त्र परवाना आणि प्राणी मारायची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हाधिकारी देतात, दुसरा वनखाते. पहिला खिशात असला की दुसरा लागत नाही, या समजुतीपायी बरेच जण अडचणीत येतात.

आमच्या सोसायटीत कबुतरांनी उच्छाद मांडला आहे. डक्टमध्ये घरटी, एसीच्या पेटीवर विष्ठा. एका सभासदाने एअरगन आणली आहे आणि ‘हिला लायसन लागत नाही’ म्हणतो. कमिटीने परवानगी द्यावी का?
*सचिव, गृहनिर्माण संस्था, कोपरखैरणे*

देऊ नये. सभासदाचे म्हणणे अर्धवट खरे आहे.

शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअरगनचे दोन गट पडतात. नळीचा व्यास 0.177 इंच म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्युलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. या दोन्हींपैकी एकही मर्यादा ओलांडली की लागतो. म्हणजे 0.22 इंची एअरगन कितीही मऊ चालो, तिला परवाना हवाच. 0.177 ची असली तरी ऊर्जा मोजावी लागते. हिशेब सोपा आहे : छर्ऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या (मीटर प्रतिसेकंद) वर्गाने गुणा आणि 2000 ने भागा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 280 मीटरने सुटला तर 19.6 ज्युल, म्हणजे आत. तोच 300 ने सुटला तर 22.5, म्हणजे बाहेर. जाहिरातीतला वेगाचा आकडा बहुधा हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो, त्यामुळे खोक्यावरचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या, बाजारात ‘पीसीपी’ म्हणून मिळणाऱ्या बंदुकीत तर जड छर्रा घातला की ऊर्जा वाढते. 0.67 ग्रॅमचा छर्रा 250 मीटरने गेला तरी 20 ज्युल ओलांडतो. खरेदीची पावती आणि त्यावरचे मॉडेल जपून ठेवावे. पोलीस आधी तेच मागतात.

पण बंदूक बिनपरवान्याची आहे याचा अर्थ ती कबुतरावर रोखता येते असा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. तिथे वन्यजीव कायद्यातल्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, वगैरे पाहत नाहीत. एअरगनचा छर्रा कबुतराला जागीच क्वचित मारतो. पंख मोडतो, पोटात बसतो आणि पक्षी दोन दिवस कोणाच्या तरी खिडकीवर तडफडतो. हीच ती क्रूरता. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून 10 ते 50 रुपये आहे, हे हास्यास्पदच. मात्र पोलीस भारतीय न्याय संहितेचे कलम 325 सोबत लावू शकतात आणि त्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय चुकलेला छर्रा समोरच्या विंगच्या काचेवर किंवा कठड्याला आपटून कोणाच्या डोळ्यात गेला, तर कलम 125 आहेच : नुसता जीव धोक्यात घातला तर 3 महिने, दुखापत झाली तर 6 महिने, गंभीर दुखापत असेल तर 3 वर्षांपर्यंत. दोन इमारतींत पन्नास फूट अंतर असलेल्या वसाहतीत याहून वेगळे काही घडण्याची शक्यता कमीच. परवानगीचा ठराव इतिवृत्तात लिहिला तर कमिटीही त्यात ओढली जाते.

आता उपाय. कबुतर जागा सोडत नाही, कारण तिथे कठडा आहे आणि जवळ दाणे आहेत. चार मारलीत तर आठवड्यात दुसरी चार येऊन बसतात. आधी सोसायटीच्या आवारात आणि गॅलऱ्यांत दाणे टाकणे बंद करा. मग जाळी. कबुतरासाठी 50 मिलिमीटरचा चौकोन पुरतो. चिमण्या आत घुसत असतील तर 19 चा लागतो. डक्टच्या चारी बाजूंनी तारेचा दोर ताणून, साधारण दर 30 सेंटिमीटरवर हुक मारून जाळी त्यावर ओवायची. स्वस्तात काम करणारे नुसते खिळे मारून जाळी लटकवतात. ती सहा महिन्यांत झोळ धरते, कबुतरे खालून आत शिरतात आणि मग अडकून मरतात. घाणही तुमच्याच माथी आणि तक्रारही.

जाळी मारण्याआधी डक्टमध्ये टॉर्च मारून पाहा. कबुतराची अंडी 17 ते 19 दिवसांत फुटतात आणि पिल्ले पुढे चारेक आठवडे घरट्यात असतात. अंडी दिसली तर दीड महिना थांबा, पिल्ले उडाली की त्याच दिवशी साफसफाई करून जाळी ओढा. उशीर केलात तर तीच जोडी पुन्हा अंडी घालते. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे आणि तोंडाला चांगला मास्क लावावा. त्या धुळीने फुप्फुसांना सूज येते, आणि दम्याच्या रुग्णांना तर फारच त्रास होतो.

कावळा कायद्याने उपद्रवी प्राणी आहे ना? आमच्या गल्लीत एक जोडी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर टोचा मारते. घरटे काढून टाकले तर?
*नौपाडा, ठाणे*

तुम्ही म्हणता तो जुना कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ला अनुसूची पाच होती. कावळा, उंदीर, घुशी, फळे खाणारी वटवाघळे तिच्यात होती आणि त्यांना मारायला कोणाची परवानगी लागत नसे. 2022 च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या, पाचवी गेलीच. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता उपद्रवी ठरवायचे तर केंद्र सरकारला कलम 62 खाली अनुसूची दोनमधल्या प्राण्यासाठी, ठरावीक क्षेत्रापुरती आणि ठरावीक मुदतीची अधिसूचना काढावी लागते. कावळ्याबद्दल आपल्याकडे अशी अधिसूचना नाही.

घरट्याबद्दल एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फासे लावणे, हाकून घेरणे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे हेही शिकारीतच मोडते. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे अंडे असण्याची शक्यता दाट, तेव्हा तुम्ही नेमके कोणाचे अंडे फोडले हे तुम्हालाही कळणार नाही. आणि घरटे ज्या फांदीवर आहे ती तोडायची म्हटले तरी 1975 च्या झाडे जतन कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

कावळे टोचा मारतात ते पिल्ले घरट्यातून डोकावायला लागली की, म्हणजे साधारण तीन आठवडे. नेहमी मागून येतात. तेवढे दिवस त्या झाडाखालून छत्री उघडून जावे. दिसायला गमतीचे असेल, पण उपाय बिनखर्ची आहे.

शहापूर तालुक्यात आमची सात एकर भातशेती आणि थोडा भुईमूग आहे. रानडुकरे रात्रीत वाफा उलथून टाकतात. भावाकडे बारा बोअरची परवानाधारक बंदूक आहे. थेट मारता येईल का?
*एक शेतकरी, सध्या मुक्काम डोंबिवली*

थेट नाही. पण या एका बाबतीत कायद्याने खरोखर वाट ठेवली आहे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहे. कलम 11(1)(ब) प्रमाणे असा प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात उभे पीक येते, तसे कलमातच लिहिले आहे. महाराष्ट्रात 2015 च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या पारधीच्या परवानगीचे अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करता येतात. तुमच्या भाषेत रेंजर.

अर्ज भावाच्या नव्हे, सातबारा ज्याच्या नावे त्याच्या नावाने करावा. सोबत सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, गट नंबर दाखवणारा नकाशा, नुकसानीचे तारखेसह फोटो आणि बंदूक चालवणाऱ्याच्या शस्त्र परवान्याची प्रत जोडावी. अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

अर्ज फसतात ते बहुधा पुराव्यावर. वनरक्षक पाहणीला येतो तेव्हा शेत आधीच सारखे केलेले असते. ते तसेच ठेवा. रानडुकराने नाकाडाने उकरलेली माती ढेकळांनिशी उलटी पडते आणि चिखलात दोन खुरांच्या मागे दोन छोटे ठसे उमटतात. घुशी-उंदरांनी भाताचे चूड तिरके कातरलेले असते, जमिनीपासून थोडे वर. गुरांनी खाल्लेले असेल तर नुसते शेंडे जातात. हे तिन्ही एकाच शेतात असू शकतात, पण परवानगी मिळते ती फक्त पहिल्यासाठी.

आदेश हातात आला की तो नीट वाचा. त्यात क्षेत्र आणि मुदत असते. आदेश तुमच्या शेतापुरता आहे. डुक्कर जखमी होऊन वनात शिरले तर बंदूक घेऊन मागे जाऊ नका, वनरक्षकाला कळवा. शहापूरला तानसा अभयारण्याची हद्द जवळ आहे. अभयारण्यात नुसते शस्त्र घेऊन शिरणे हाच कलम 31 खाली गुन्हा आहे, आणि तिथे झालेल्या शिकारीला किमान 3 वर्षे, कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. बाहेरच्या, अनुसूची दोनच्या प्राण्याला विनापरवानगी मारले तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बार टाकताना दोन गोष्टी. जाड छर्ऱ्यांचे काडतूस तीस-पस्तीस मीटरच्या पुढे पसरते आणि डुक्कर नुसते जखमी होते. जखमी नर उलटून अंगावर येतो. आणि मागे मातीचा बांध किंवा उतार असेल तेव्हाच बार टाका. भातखाचरात पाणी साचलेले असताना सपाट मारलेला छर्रा पाण्यावरून उसळतो.

मेलेले डुक्कर तुमचे नाही. कलम 39 प्रमाणे ते सरकारी मालमत्ता आहे. 48 तासांत कळवायचे, पंचनामा होऊ द्यायचा आणि विल्हेवाट वनखाते सांगेल तशी. परवानगी कायदेशीर, शिकार कायदेशीर आणि मटणाच्या वाटणीवरून मात्र गुन्हा, असे घडू शकते.

कुंपणात घरचा करंट सोडू नका. डुक्कर मरो न मरो, पहाटे पाण्याला निघालेला शेजारी मरतो, आणि मग खटला सदोष मनुष्यवधाचा होतो. सौर कुंपणाचे यंत्र वेगळे. ते साधारण दर सेकंदाला एक क्षणभराचा झटका देते, म्हणून अंग तारेला चिकटून राहत नाही. त्याची खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून जाते. आणि पावसाळ्यात तारेला गवत टेकले की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पंधरा दिवसांनी कुंपणाखालचे गवत कापावेच लागते. बहुतेक कुंपणे इथेच फुकट जातात. पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब ठेवणे तर शिकारीसोबत स्फोटकांचाही गुन्हा आहे, आणि तो गोळा आधी सापडतो गाईला.

मी घोडबंदर रोडला राहतो. वडिलांची बंदूक माझ्या नावे करून घ्यायची आहे. वनखात्याचा काय संबंध?
*ठाणे (पश्चिम)*

चांगलाच संबंध आहे. वन्यजीव कायद्याचे कलम 34 सांगते की अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करायची, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचा नाही. हे कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. नकाशावर वर्तुळे काढून पाहा : येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, खाडीत 2015 साली जाहीर झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. घोडबंदर, ठाणे शहर, ऐरोली, घणसोली, वाशी, सगळे आत येते. अर्ज ऑनलाइन करून, सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडूनही फाइल महिनोन्‌महिने हलत नाही तेव्हा ती बहुधा या संमतीपाशी थांबलेली असते. आयुक्तालयात पत्र क्रमांक विचारून वनखात्यात पाठपुरावा करा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना 5 वर्षांचा असतो, हेही ध्यानात असू द्या.

माकडे स्वयंपाकघरात घुसतात. पीव्हीसी पाइपची कार्बाइड गन वाजवून पळवतो. हे तरी चालते ना?
*मानपाडा, ठाणे*

आधी माकड कोणते ते पाहा. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे आणि शेपूट लांब, तर ते टोपी माकड. ते अनुसूची एकमध्ये आहे, वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. शेपूट आखूड आणि मागचा भाग तांबूस, तर ऱ्हिसस. हे 2022 मध्ये अनुसूचीतून वगळले, पण क्रूरतेचा कायदा त्यालाही आहेच. दोन्हींना पिंजरा लावायचे काम वनखात्याच्या पथकाचे. मदतीसाठी 1926 हा क्रमांक आहे.

कार्बाइड गन मात्र आजच फेकून द्या. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीने पेट घेतो. बार लगेच झाला नाही की माणूस नळीत डोकावतो, आणि नेमका त्याच वेळी तो होतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या खेळण्याने कित्येक मुलांचे डोळे गेले.

माकडे येतात ती खाण्यासाठी. खिडकीला आतून नव्हे, बाहेरून घट्ट जाळी, कचऱ्याच्या डब्याला कडी, आणि शनिवारी केळी घेऊन येणाऱ्या भाविकांना नम्रपणे नकार. तिसरे सर्वांत अवघड.

माझा भाचा इंग्लंडमध्ये शेतावर कबुतरे आणि कावळे मारतो, व्हिडिओ पाठवतो. तिकडे चालते मग आपल्याकडे का नाही?
*कळवा*

तिकडेही सर्व रानपक्षी 1981 च्या कायद्याने संरक्षितच आहेत. फरक इतकाच की सरकार ‘सर्वसाधारण परवाने’ जाहीर करते. त्यांना अर्ज लागत नाही, अटी पाळायच्या. इंग्लंडमध्ये जीएल 40 वन्यजीव वाचवण्यासाठी, जीएल 41 सार्वजनिक आरोग्यासाठी, जीएल 42 पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी. प्रत्येकात पक्ष्यांची यादी ठरलेली आहे, आणि इतर उपाय करून पाहिल्याचे दाखवावे लागते. खेळ म्हणून मारणे यांत बसत नाही. 2019 मध्ये एका संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर जुने परवाने एका झटक्यात मागे घेतले गेले आणि शेतकऱ्यांची धांदल उडाली होती. तिथे बिनपरवाना एअर रायफलची मर्यादा 12 फूट-पौंड, म्हणजे साधारण 16 ज्युल, आपल्यापेक्षा कमीच. आणि भाचा उद्या स्कॉटलंडला गेला तर 2016 च्या अखेरपासून तिथे एअरगनलाही परवाना लागतो. व्हिडिओतले दृश्य आपल्या गच्चीवर करून पाहू नका.

उंदीर-घुशी मारायलाही परवानगी लागते का?
*तुर्भे*

नाही. पण विष कसे घालता याला नियम आहेत. ब्रोमॅडिओलोनच्या 0.005 टक्क्यांच्या वड्या बंद पेटीतच ठेवाव्यात. उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, त्यामुळे दुसऱ्या उंदरांना संशय येत नाही. झिंक फॉस्फाइड लगेच मारते, म्हणून बाकीचे उंदीर ते टाळतात. ते वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून सवय लावावी लागते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घराच्या आसपासही नकोत. त्यांचा वायू डक्टमधून वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसापर्यंत जातो, आणि त्या वापरायचा अधिकार परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यालाच आहे. चिकट पाटे टाळा. त्यांवर पाली आणि चिमण्याही अडकतात, आणि पशुकल्याण मंडळाने राज्यांना ते बंद करायला सांगितले आहे. मेलेले उंदीर उचलून पुरा. उघड्यावर राहिले की घुबड ते खाते आणि तेही मरते.

उलव्याला विमानतळ झाल्यावर चिकनच्या दुकानाला नोटीस येईल असे सांगतात. पक्ष्यांशी याचा काय संबंध?
*दुकानदार, उलवे*

विमान नियम 1937 च्या नियम 91 प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत, पक्षी-प्राणी जमतील अशा रीतीने प्राणी कापणे, सोलणे किंवा घाण टाकणे मना आहे. घारी आणि कावळे आतडी-पिसांवर येतात आणि इंजिनात जातात. नोटीस दुकानाला नव्हे, उघड्यावरच्या कचऱ्याला येते. कापणी बंदिस्त जागेत करा, पिसे-आतडी झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा आणि रोजच्या रोज महापालिकेच्या किंवा सिडकोच्या गाडीत द्या. गाडीची नोंद वहीत ठेवा. पक्षी हाकलायला स्वतः फटाके किंवा बंदूक वापरू नका. विमानतळाच्या हद्दीत ते काम विमानतळाचे प्रशिक्षित पथक करते.